जुनी छायाचित्रे : वाढवावी किती, आवळावी किती?



आपल्याकडे असे घर क्वचितच सापडेल की, जेथे कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी जुन्या छायाचित्रांचे एक पुडके ठेवलेले नाही. हे पुडके एरवी कोणी सोडीत नाही. घरातील वडीलधारे माणूस गेले, अगर कोणाची पंच्याहत्तरी आली, म्हणजे त्याची आठवण होते. मग त्यातील एक चित्र निवडावयाचे, मोबाइलने त्याची नक्कल टिपावयाची, ती दुकानदाराकडे धाडावयाची आणि "भिंतीवर लावण्याजोगे मोठे करून द्या" असे सांगावयाचे, हा आता सर्वत्र रूढ झालेला प्रघात आहे. दोन दिवसांनी चौकटीत बसून आलेले चित्र पाहून तरुण मंडळी खूश होतात, परंतु घरातील वृद्ध बाई मात्र ते जवळ घेऊन, दूर धरून, पुन्हा जवळ घेऊन पाहते आणि हळूच म्हणते, "छान आहे, पण ह्या आमच्या सासूबाई नव्हेत."

हे असे का होते, आणि होऊ नये म्हणून काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी काही या विद्येतला तज्ज्ञ नव्हे. शाळेत अंकगणित शिकविण्यात हयात घालविलेला मी एक मास्तर. परंतु या विषयात लक्ष घातले तेव्हा त्रैराशिक आणि प्रामाणिकपणा यांपलीकडे त्यात फारसे काही नाही, असे मला आढळून आले. आणि या दोन्ही गोष्टी प्रत्येक सुशिक्षित घरात असावयासच हव्यात.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ साली, मुंबईत या कलेच्या अभ्यासकांची एक संस्थाही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होते. तेव्हा आपल्या लोकांचा या कलेशी परिचय पावणेदोनशे वर्षांच्या घरात आला आहे. त्या मानाने चित्राचे अंकांत रूपांतर करण्याची विद्या फारच अलीकडची. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या गृहस्थांनी एक छायाचित्र प्रथम गणकयंत्रात उतरविले. ते चित्र कोणा राष्ट्राध्यक्षाचे नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते. या विद्येचा आरंभच मुळी घरच्या फोटोपासून झाला, ही गोष्ट मला मोठी सूचक वाटते. त्या चित्रात उभे १७६ आणि आडवे १७६ असे ठिपके होते. म्हणजे सर्व मिळून ३०,९७६. आज साध्या मोबाइलच्या एका चित्रात कोट्यवधी ठिपके असतात. परंतु तत्त्व तेच राहिले आहे.

ते तत्त्व असे. कागदावरील छायाचित्र स्कॅनरच्या काचेवर पालथे ठेविले म्हणजे यंत्र त्यावरून प्रकाशाची एक पट्टी फिरविते आणि चित्राची अतिशय बारीक चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीचा उजेड व रंग अंकांनी नोंदविते. या चौकटीलाच पिक्सेल म्हणतात. आपण तिला ठिपका म्हणू. आपल्या माताभगिनी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके विरळ असले तर मोर मोरासारखा दिसत नाही, आणि दाट असले तर पिसाऱ्यातील डोळादेखील उमटतो. एका इंचाच्या लांबीत यंत्र किती ठिपके मांडणार, हे स्कॅन करणाराने आधी ठरवावयाचे असते. दर इंचास ३०० म्हणजे एका चौरस इंचात ९०,००० ठिपके. दर इंचास ६०० म्हणजे ३,६०,०००. इंचास ठिपके दुप्पट केले की एकूण ठिपके चौपट होतात, हे ध्यानात असू द्यावे.

आता त्रैराशिकाकडे वळू. हातात धरून पाहावयाचा फोटो नीट छापावयाचा तर दर इंचास ३०० ठिपके असावेत, असा छपाईचा सर्वसाधारण नियम आहे. भिंतीवरचे मोठे चित्र आपण चार-पाच हात अंतरावरून पाहतो; त्याला २००, किंबहुना १५० ठिपकेही पुरतात. समजा, आपल्याजवळ ४ इंच रुंद व ६ इंच उंच असा एक फोटो आहे. तो दर इंचास ६०० या हिशोबाने स्कॅन केला, तर २,४०० गुणिले ३,६०० इतके ठिपके मिळाले. तेच ठिपके इंचास ३०० प्रमाणे पसरले म्हणजे ८ बाय १२ इंचांचे उत्तम चित्र निघते. इंचास २०० प्रमाणे पसरले म्हणजे १२ बाय १८ इंचांचे भिंतीवरील चित्र निघते. यात कोणतीही जादू नाही. किती मोठे छापावयाचे हे स्कॅन करण्यापूर्वी ठरविले, की पुढे पस्तावण्याची पाळी येत नाही.

परंतु पुष्कळ वेळा पाळी येते ती समूहचित्रामुळे. आपल्या पणज्या व आज्या स्वतंत्रपणे फोटो काढविण्यासाठी बसल्या, असे थोडेच प्रसंग. लग्नाच्या किंवा मुंजीच्या मंडळीत, तिसऱ्या रांगेत, पदर सावरून त्या उभ्या असतात. आणि त्यांचा तेवढाच काय तो पुरावा पृथ्वीवर उरलेला असतो. समजा, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले असे एक चित्र ८ बाय १० इंचांचे आहे आणि त्यात आजीचा चेहरा अर्धा इंच उंचीचा आहे. इंचास ३०० प्रमाणे स्कॅन केल्यास त्या चेहऱ्याच्या वाट्याला उभे १५० ठिपके आले. तो चेहरा ३ इंच उंच छापू गेल्यास इंचाला ५० ठिपके पडतात. चित्र धुरकट होते. तेच स्कॅन १,२०० प्रमाणे केले असते तर चेहऱ्याला ६०० ठिपके मिळून इंचाला २०० पडले असते, आणि कपाळावरचे गोंदणही कदाचित दिसले असते. मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून कागद तिला भिडवून काढलेल्या जुन्या चित्रांत एवढा बारीक तपशील खरोखरच साठविलेला असतो. मात्र अलीकडच्या दुकानी प्रतींत तो तेवढा नसतो. त्यांना ६०० च्या पुढे नेऊन बहुधा केवळ कागदाचे कण मोजले जातात.

आता मोबाइलचा हिशोब पाहा. हेच समूहचित्र मोबाइलने टिपले आणि व्हॉट्सॲपसारख्या साधनाने पाठविले, तर वाटेतच त्याचा आकार लहान केला जातो. लांब बाजूस १,६०० ठिपके उरले असे धरू. १० इंचांवर १,६००, म्हणजे इंचाला १६०. आजीच्या अर्ध्या इंचाच्या चेहऱ्याला ८०. दुकानदाराला मात्र ६०० हवे आहेत. तो यंत्राला सांगतो, 'वाढव'. यंत्र एका ठिपक्याच्या जागी उभे साडेसात व आडवे साडेसात असे ठिपके भरते. साडेसातांचा वर्ग सुमारे ५६. याचा अर्थ असा की, छापलेल्या चेहऱ्यातील दर ५६ ठिपक्यांपैकी एक आजीचा, आणि ५५ यंत्राचे. मग वृद्ध बाईने "ह्या आमच्या सासूबाई नव्हेत" असे म्हटले, तर गणिताच्या दृष्टीनेदेखील तिचे म्हणणे खोटे पाडता येणार नाही.

हे पंचावन्न ठिपके यंत्र कोठून आणते, असा प्रश्न आपण विचाराल. जुनी रीत सरळ होती. शेजारच्या चार किंवा सोळा ठिपक्यांची सरासरी काढून मधली जागा भरावयाची. यात चित्र मऊ व पुसट दिसे, परंतु त्यात लबाडी नसे. जे ठाऊक नाही ते पुसटच राही. नवी रीत निराळी आहे. हल्लीच्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना लक्षावधी चेहरे दाखवून शिकविलेले असते. ती पुसट डाग पाहतात आणि 'येथे साधारणपणे असा डोळा असतो' असे म्हणून एक डोळा रेखाटून देतात. तो डोळा रेखीव असतो. मात्र तो लक्षावधी परक्या माणसांच्या डोळ्यांतून बनलेला असतो. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका यंत्रविधीला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे धूसर केलेले चित्र देण्यात आले, तेव्हा त्याने एका गोऱ्या गृहस्थाचा चेहरा काढून दिला, आणि त्यावरून जगभर मोठी चर्चा झाली. ज्यांचा चेहरा साऱ्या जगाला पाठ, त्यांची ही गत. मग आगाशीच्या किंवा निर्मळच्या एखाद्या आजीला तिचा चेहरा परत मिळेल, याची हमी कोणी द्यावी? ओबामांच्या बाबतीत चूक ओळखावयास सारे जग होते. आजीच्या बाबतीत ती ओळखणारी एक-दोन माणसे उरली आहेत, आणि तीही उद्या राहणार नाहीत. त्यानंतर भिंतीवरचे चित्र हीच आजी, असे ठरून जाईल.

वाढविण्याचा विचार झाला, आता आवळण्याचा. ४ बाय ६ इंचांचा आपला फोटो ६०० प्रमाणे स्कॅन केला, तेव्हा त्यात ८६,४०,००० ठिपके आले. प्रत्येक रंगीत ठिपक्याला तीन अंक, म्हणजे तीन बाइट लागतात. तेव्हा हे चित्र सुमारे २६ मेगाबाइटचे झाले. एवढा बोजा कमी करावा म्हणून जे उपाय निघाले, त्यांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत काहीही टाकून दिले जात नाही. धोतर घडी घालून ठेवावे तसा हा प्रकार आहे, घडी मोडली की धोतर जसेच्या तसे. टिफ व पीएनजी नावाच्या धारिकांत हे साधते. मात्र छायाचित्राच्या बाबतीत याने बोजा बहुधा निम्म्याच्या फार खाली उतरत नाही. दुसऱ्या जातीत यंत्र चित्राचा काही भाग कायमचा फेकून देते. ज्या धारिकेला जेपेग म्हणतात, ती या जातीची. तिचे मानक १९९२ साली निश्चित झाले.

या जेपेगच्या मुळाशी असलेली गणिती युक्ती एका भारतीयाच्या डोक्यातून निघालेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९४० साली बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद हे पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. या युक्तीवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे साहाय्य मागितले असता ते नाकारण्यात आले. तथापि त्यांनी उद्योग सोडला नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासमवेत १९७४ साली तो निबंध प्रसिद्ध केला. आज जगात पाठविल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी फार मोठा भाग त्या युक्तीच्या आधाराने प्रवास करतो. युक्ती थोडक्यात अशी. चित्राचे आठ ठिपके बाय आठ ठिपके असे लहान तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्यात उजेडाचे सावकाश होणारे चढउतार किती आणि बारीक, झटपट होणारे चढउतार किती, ते मोजावयाचे. आणि मनुष्याच्या डोळ्याला बारीक चढउतार कमी जाणवतात म्हणून ते ढोबळ आकड्यांत मांडावयाचे किंवा गाळून टाकावयाचे. तांदूळ पाखडावा तशी ही क्रिया आहे. हलक्या हाताने पाखडले तर कोंडा जातो. जोराने पाखडले तर त्याबरोबर दाणेही जातात.

बेताने पाखडल्यास आपले २६ मेगाबाइटचे चित्र तीन-चार मेगाबाइटांत बसते आणि साध्या नजरेला फरक दिसत नाही. म्हणून जेपेगला दोष देण्याचे मुळीच कारण नाही. दोष आहे तो एकाच प्रतीला पुनःपुन्हा पाखडण्याचा. चित्र उघडले, थोडे कापले, पुन्हा साठविले. दुसऱ्याने उघडले, उजळ केले, पुन्हा साठविले. तिसऱ्याने पुढे धाडले. दर खेपेस थोडे दाणे सुपाबाहेर पडतात आणि गेलेले दाणे पुन्हा येत नाहीत. गालांवर चौकोनी डाग दिसू लागतात, लुगड्याचे काठ विरघळतात, केसांच्या बटा एकजीव होतात. नुसते उघडून पाहिल्याने मात्र काही बिघडत नाही. बदल करून पुन्हा साठविण्याने बिघडते. हा भेद लक्षात ठेवावा.

आवळण्यामुळे चित्र केवळ पुसट होते असेही समजू नये. प्रसंगी ते धडधडीत खोटे बोलते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर घराच्या नकाशाची नक्कल केली असता एका खोलीचे क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटरच्या ऐवजी १४.१३ असे उमटत होते. जागा वाचविण्यासाठी ती यंत्रे एकसारखी दिसणारी चिन्हे एकच समजून, एकाच्या जागी दुसरे बसवीत होती. आकडा पुसट झाला असता तर वाचणाराला शंका तरी आली असती. हा आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. कंपनीला पुढे दुरुस्ती पुरवावी लागली. जुन्या चित्रांच्या बाबतीत हाच न्याय लागू आहे. पुसटपणा ही प्रामाणिक उणीव होय. स्वच्छ असत्य हे अधिक घातक.

कोणी म्हणेल की, आजीचा चेहरा हा घरगुती प्रश्न झाला. त्यात एवढे गंभीर काय? याचे उत्तर द्यावयास मला वसईबाहेर जाण्याची गरज नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे इतिहाससंशोधक डॉ. जोझे गेर्सन द कुन्या यांनी चौल व वसई यांचा इतिहास व पुरावशेष यांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. तो १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि त्यात वर्णनाच्या जोडीला छायाचित्रेही दिलेली होती. त्यानंतर दीडशे पावसाळे वसईच्या किल्ल्यावरून गेले. तटांना पिंपळ फुटले, चुना झडला, कमानी खचल्या. त्या काळी काय उभे होते, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे तशी जुनी चित्रे. आता असे एखादे जुने पुस्तक स्कॅन करताना पाने केवळ काळा व पांढरा अशा दोन छटांत उतरविली, तर मजकूर उत्तम वाचता येतो. छायाचित्राच्या जागी मात्र शाईचा डाग शिल्लक राहतो. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मठाच्या देवळात जमिनीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांचे एखादे जुने, लहानसे चित्र कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने वाढविले, तर अक्षरे ठसठशीत होतील. परंतु ती कोरणाराने कोरलेली असतील की यंत्राने रचलेली, हे कोणी सांगावे? उद्या एखादा विद्यार्थी त्यांवरून नाव वा सन वाचील आणि निबंधात लिहील.

आणि इतिहास काय केवळ किल्ल्यातच असतो? आमच्या वाड्यांतून पूर्वी जागोजाग बावखले होती. बागायतीला पाणी पुरविणारी, पावसाचे पाणी जिरविणारी ती तळी. त्यांतली पुष्कळ गेल्या काही दशकांत बुजविली गेली. बावखलाचा फोटो म्हणून कोणी मुद्दाम काढीत नसे. परंतु साखरपुड्याच्या मंडळीमागे, नव्या सायकलीवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलामागे ते अवचित येऊन बसलेले असते. काठावर केळीची रांग असते, रहाट असतो, सुकेळ्यांसाठी केळी वाळत घातलेली मांडवी असते, लाल लुगड्यातील एखादी कुपारी बाई पाठमोरी जात असते. चित्र काढणाराने हे पाहिलेही नसेल. आवळणारे यंत्र नेमके हेच बिनमहत्त्वाचे म्हणून गाळते, आणि सुशोभित करणारे यंत्र पाण्याच्या जागी हिरवळ अंथरते. घरच्या चेहऱ्यासाठी राखलेले चित्र गावच्या पाण्याचीही साक्ष देते; म्हणून ते राखण्यात घराचा व गावाचा असा दुहेरी स्वार्थ आहे.

तर मग व्यवहारात काय करावे? एक शब्द लक्षात ठेवला की पुष्कळ काम भागते : मूळ प्रत. प्रत्येक चित्राचे एकदाच, सावकाश, चांगले स्कॅन करावे आणि ती धारिका टिफमध्ये, काही न गाळता, बाजूला ठेवून द्यावी. तिच्यात कधीही फेरफार करू नये. पाठवावयास, छापावयास, सजवावयास तिच्या नकला काढाव्यात; त्या हव्या तेवढ्या आवळाव्यात, वाढवाव्यात, रंगवाव्यातसुद्धा. जमिनीचा मूळ दस्त आपण पेटीत ठेवतो आणि कचेरीत नक्कल देतो, तसाच हा प्रकार. यंत्राने वाढविलेल्या नकलेच्या नावातच 'यंत्राने वाढविलेली' असे शब्द घालावेत, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाही.

जागा पुरणार नाही ही भीती निराधार आहे. एका घरात अशी ५०० चित्रे असली आणि प्रत्येक २६ मेगाबाइटचे धरले, तरी सर्व मिळून १३ गिगाबाइट होतात. हा ऐवज बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावतो. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये तर अशी अडतीस हजार चित्रे बसतील. तेव्हा मूळ प्रत आवळून ठेवण्यात काटकसर मुळीच नाही. जागेची खरी टंचाई असते ती पाठविताना, तेव्हा आवळावे. व्हॉट्सॲपवरूनच पाठविणे भाग असेल तर फोटो म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावे, म्हणजे ते वाटेत लहान होत नाही.

स्कॅन करताना पाळावयाचे नियम थोडे आहेत. कागदी फोटो ६०० प्रमाणे, बारीक चेहऱ्यांचे जुने समूहचित्र १,२०० प्रमाणे घ्यावे. काळ्यापांढऱ्या चित्रासाठीही रंगीत स्कॅनच करावे, कारण पिवळटपणा व डाग हेही चित्राच्या वयाचे दाखले होत. यंत्रातील 'आपोआप सुधार' नावाच्या सोयी बंद ठेवाव्यात. सुधारणा नकलेवर करता येतात. १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतात, याचे कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य इतरांपूर्वी उडते. तोही दोष नकलेवरच दूर करावा. चित्राची मागील बाजूही स्कॅन करावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, मामांच्या हस्ताक्षरातील दोन ओळी असतात, आणि कधी कधी पुढच्या बाजूपेक्षा तीच अधिक बोलते.

ट्रंकेत निगेटिव्ह सापडल्या तर त्या टाकून देऊ नयेत. त्या फोटोच्या जननी होत. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा कॅमेरा एके काळी पुष्कळ घरांत होता. त्याची चौरस निगेटिव्ह सव्वादोन इंचांच्या आसपास भरते. ती निगेटिव्हसाठी असलेल्या स्कॅनरवर इंचास २,४०० प्रमाणे घेतली तर एका बाजूस पाच हजारांहून अधिक ठिपके मिळतात. तिच्यावरून काढलेल्या लहानशा कागदी प्रतीपेक्षा ती खचितच अधिक देते.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, ओल्या फडक्याने तर पुसूच नये; काचेसकट स्कॅन करावा. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो सुटत नसतील तर पानासकट घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्कॅन झाले म्हणून मूळ कागद फेकू नयेत. डिस्क बिघडते, धारिकांचे प्रकार जुने होतात. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा कागद आजही कोणत्याही यंत्रावाचून, नुसत्या उजेडात पाहता येतो. ते कागद कोरड्या जागी, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावेत. आमच्या समुद्रकाठच्या दमट हवेत बुरशी हा त्यांचा पहिला शत्रू, आणि पुराचे पाणी दुसरा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात पाणी साचले तेव्हा तळमजल्यावरील घरांतून काय काय भिजले, हे येथील लोकांस सांगावयास नको. म्हणून धारिकांच्या निदान तीन प्रती असाव्यात. दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, त्या उघडून पाहाव्यात.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. चित्रातील माणसांची नावे लिहून ठेवा. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांच्याजवळ या रविवारी बसा. डावीकडून पहिले कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, मागचे घर कोणाचे, हे विचारा आणि धारिकेच्या नावात सालासह घाला. मूळ फोटोच्या पाठीवर लिहावयाचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. उत्तम स्कॅन केलेला, परंतु नाव नसलेला चेहरा ही पुढल्या पिढीच्या दृष्टीने परक्याची तसबीर होय. ठिपके यंत्र मोजील. तो चेहरा कोणाचा, हे आपल्या घरातील माणसेच सांगू शकतात, आणि तीही जोवर आहेत तोवरच.